संगणक-पडद्याचे दूरस्थ सहभाजन

एका संगणकाच्या पडद्यावरील दृश्य जाळ्याच्या द्वारे दूरच्या दुसऱ्या संगणकाच्या पडद्यावर त्याच वेळी उमटविणे आणि, तशी अनुमती दिलेली असल्यास, त्या दूरच्या ठिकाणाहून पहिल्या संगणकाचा कळफलक व माऊस चालविणे, या क्रियेस दूरस्थ सहभाजन म्हणतात. ज्याचा पडदा दाखविला जातो तो ‘यजमान’ संगणक आणि जो तो पाहतो तो ‘अतिथी’ संगणक होय. व्यवहारात ‘स्क्रीन शेअरिंग’ हा शब्द रूढ असून, सेवा केंद्रांवर व कार्यालयांत ‘रिमोट देणे’ आणि ‘रिमोट घेणे’ असे बोलले जाते. या बोलीतील ‘देणे’ हे क्रियापद नेमके आहे. यजमान केवळ चित्र दाखवीत नाही. तो आपल्या यंत्रावरील अधिकाराचा काही भाग दुसऱ्याच्या हाती देतो. तो किती, कोणास व किती वेळ द्यावयाचा हे आधी ठरविणे हा या संपूर्ण व्यवस्थेचा गाभा असून जोडणीचे तंत्र त्या मानाने सोपे आहे.

प्रकार : सहभाजनाचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. पहिल्यात अतिथी फक्त पाहू शकतो. सभा, अध्यापन व प्रात्यक्षिक यांसाठी हा प्रकार पुरेसा असतो. दुसऱ्यात अतिथी पाहतो आणि चालवितोही. यजमान समोर बसलेला असतो व दोघांनाही एकच पडदा दिसतो. दुरुस्ती व मार्गदर्शन यांसाठी हाच प्रकार वापरतात. तिसऱ्यात यजमान संगणकासमोर कोणीही नसते. मालक स्वतःच घरून किंवा प्रवासातून आपल्या कार्यालयातील संगणकात प्रवेश करतो. यास ‘अनुपस्थितीतील प्रवेश’ असे म्हणता येईल. तिन्ही प्रकारांत वरवर पाहता एकच आज्ञावली वापरली जात असली, तरी प्रत्येकातील जोखीम वेगळी असते. म्हणून ही व्यवस्था उभारताना यांपैकी कोणता प्रकार हवा आहे, हे प्रथम निश्चित करणे आवश्यक असते.

गरज व पार्श्वभूमी : बाभुळगाव हे यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याचे ठिकाण यवतमाळच्या उत्तरेस वसलेले असून कापूस, सोयाबीन व तूर पिकविणाऱ्या प्रदेशात आहे. अशा तालुक्याच्या गावी संगणक आता विरळ राहिलेला नाही. महसूल कचेरी, बँका, शाळा, कृषी सेवा केंद्रे आणि आपले सरकार सेवा केंद्रे यांचे दैनंदिन काम त्यावर चालते. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमामुळे संगणक हाताळू शकणारा वर्ग लहान गावांतही तयार झाला. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा उतारा महाजालावर मिळू लागला. पीक विमा, दाखले, शिष्यवृत्ती यांचे अर्जही संगणकावरूनच भरले जातात. यंत्रे अशी तालुक्यापर्यंत पोहोचली. तथापि ती दुरुस्त करणारे जाणकार मात्र प्रायः जिल्ह्याच्या ठिकाणी, नागपूर-अमरावतीस किंवा पुणे-मुंबईस राहिले. अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी छपाईयंत्र चालेनासे झाले किंवा एखादे प्रमाणपत्र संगणक ओळखीनासा झाला, तर तंत्रज्ञ येईपर्यंत मुदत टळून जाते व त्याचे नुकसान दारी उभ्या असलेल्या शेतकऱ्यास सोसावे लागते. दूरस्थ सहभाजनाने हा प्रवास वाचतो. परगावी किंवा परदेशी असलेली मुले गावाकडील आईवडिलांचा संगणक याच साधनाने दुरुस्त करून देतात. मार्च २०२० मध्ये सुरू झालेल्या टाळेबंदीच्या काळात तर कार्यालये व शाळा यांचे बरेच काम या साधनावर अवलंबून राहिले.

इतिहास : या कल्पनेचे पहिले गाजलेले प्रात्यक्षिक अमेरिकन अभियंते डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रॅन्सिस्को येथील एका परिषदेत करून दाखविले. सु. ४८ किमी. अंतरावरील मेन्लो पार्क येथील संगणक त्यांनी सभागृहातून चालविला आणि तेथील सहकाऱ्याबरोबर एकाच पडद्यावर काम केले. माऊस हे साधनही याच प्रसंगी लोकांसमोर आले. १९८४ मध्ये मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत ‘एक्स विंडो’ ही प्रणाली निर्माण झाली. तीत आज्ञावली एका संगणकावर चालून तिचा पडदा दुसऱ्यावर उमटविता येत असे. याच दशकात दूरध्वनीच्या तारेवरून मोडेमच्या साहाय्याने वैयक्तिक संगणक दुरून चालविण्याच्या ‘पीसीएनीव्हेअर’सारख्या आज्ञावल्या बाजारात आल्या.

१९९८ हे वर्ष या विषयात महत्त्वाचे ठरले. केंब्रिज येथील ऑलिव्हेट्टी संशोधन प्रयोगशाळेत तयार झालेली ‘व्हीएनसी’ ही प्रणाली त्या वर्षी सर्वांसाठी विनामूल्य खुली झाली; आणि मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटी ४.० च्या एका विशेष आवृत्तीत ‘आरडीपी’ हा स्वतःचा संकेत आणला. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये दूरस्थ साहाय्याची सोय घरगुती संगणकांपर्यंत पोहोचली. यापुढील टप्पा मध्यस्थ सेवांचा होय. जर्मनीत २००५ मध्ये टीमव्ह्यूअर आणि २०१४ मध्ये एनीडेस्क यांचा आरंभ झाला. त्यांत जोडणीची सर्व क्लिष्टता कंपनीच्या मध्यस्थ संगणकावर सोपविल्यामुळे वापरणाऱ्यास केवळ एक क्रमांक सांगावा लागतो. भारतातही चेन्नईच्या झोहो कंपनीची ‘असिस्ट’ ही अशीच सेवा उपलब्ध आहे. २०११ मध्ये खुल्या झालेल्या ‘वेबआरटीसी’ या तंत्रामुळे वेगळी आज्ञावली न बसविता ब्राउझरमधूनच पडदा दाखविता येऊ लागला. २६ जानेवारी २०२१ रोजी या तंत्रास जागतिक प्रमाणाचा दर्जा मिळाला.

भारतात १९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राने १९८० नंतरच्या दशकात ‘निकनेट’ या उपग्रहाधारित जाळ्याने जिल्ह्यांची मुख्यालये जोडली. त्या काळी दुरून होणारे काम अक्षरांच्या देवघेवीपुरते होते. पडद्याचे संपूर्ण चित्र पाठविण्यास लागणारी वाहनक्षमता जिल्ह्याखालील स्तरास पुढे ब्रॉडबँड व चौथ्या पिढीचा भ्रमणध्वनी आल्यावरच लाभली.

कार्यपद्धती : पडदा हा असंख्य चित्रबिंदूंचा बनलेला असतो. १,९२० × १,०८० या सर्वसामान्य मापाच्या पडद्यावर २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगास २४ बिट धरल्यास एका चित्रास ४,९७,६६,४०० बिट लागतात. असे एकच चित्र, आहे तसे, सेकंदास २० लक्ष बिट वाहून नेणाऱ्या जोडणीवरून पाठविण्यास सु. २५ सेकंद लागतील. सेकंदाला ३० चित्रे पाठवावयाची झाल्यास सु. १४९ कोटी बिटांची वाहनक्षमता हवी. प्रत्यक्षात काम चालते, ते दोन युक्त्यांमुळे. पहिली म्हणजे, पडद्याचा जेवढा भाग बदलला तेवढाच पाठविणे. पत्र टंकलिखित करताना एका क्षणी केवळ एका अक्षराएवढी जागा बदलते. दुसरी म्हणजे पाठविलेल्या भागाचे संपीडन करणे. एकाच रंगाची मोठी पार्श्वभूमी थोड्या संकेतांत सांगता येते. याचमुळे मंद जोडणीवर पार्श्वभूमीचे छायाचित्र काढून टाकले व रंगांची संख्या कमी केली, तर काम लक्षात येण्याइतके सुधारते. उलट चलच्चित्र सुरू असल्यास पडदा अडखळतो.

उलट दिशेने अतिथीकडून कळफलकाचे आघात व माऊसच्या हालचाली जातात. त्यांस वाहनक्षमता अत्यल्प लागते, परंतु विलंब मुळीच सोसत नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदास सु. २ लक्ष किमी. जातो. त्यामुळे ६०० किमी. अंतर ओलांडण्यास केवळ ३ सहस्रांश सेकंद पुरतात. बाभुळगाव व मुंबई यांमधील अंतर, केवळ अंतर म्हणून, अडचणीचे नसते. विलंब होतो तो वाटेतील जोडणीकेंद्रे, गर्दी आणि कमकुवत भ्रमणध्वनी संदेश यांमुळे. सु. ३६,००० किमी. उंचीवरील भूस्थिर उपग्रहामार्गे मात्र कळ दाबल्यापासून परिणाम दिसेपर्यंत सु. अर्धा सेकंद जातो आणि हात थबकत राहतो.

दोन संगणकांची गाठ कशी पडते हा तिसरा प्रश्न. घरातील वा कार्यालयातील संगणकास महाजालावर बहुधा स्वतंत्र पत्ता नसतो. एका पत्त्यामागे अनेक यंत्रे असतात. वाड्याच्या दिंडीपर्यंत टपाल यावे, पण आत कोणत्या बिऱ्हाडास द्यावयाचे हे बाहेरच्यास ठाऊक नसावे, तशी ही स्थिती असते. म्हणून दोन्ही संगणक आपण होऊन मध्यस्थ संगणकाशी जोडले जातात व तो त्यांची ओळख पटवून देतो. शक्य असल्यास पुढील संवाद थेट चालतो. नसल्यास सर्व मजकूर मध्यस्थामार्फतच जातो व गती मंदावते. एनीडेस्कसारख्या सेवांतील क्रमांक हा या मध्यस्थाकडील नोंदीचा क्रमांक होय.

उभारणी : विंडोज १० व ११ मध्ये ‘क्विक असिस्ट’ ही सोय मिळते. मदत करणाऱ्याने आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केल्यावर त्यास सहा चिन्हांचा तात्पुरता संकेतांक मिळतो. तो दूरध्वनीवरून सांगितल्यावर यजमान आपल्या संगणकावर भरतो आणि पडदा दाखविण्यास संमती देतो. चालविण्याचा अधिकार मागितल्यास पुन्हा वेगळी संमती द्यावी लागते. या दोन पायऱ्या मुद्दाम वेगळ्या ठेवलेल्या आहेत व त्या वेगळ्याच राहू द्याव्यात. बहुतेक अडचणी नुसते पाहून व तोंडी सूचना देऊन सुटतात.

विंडोजमधील ‘रिमोट डेस्कटॉप’ ही सोय मूलतः अनुपस्थितीतील प्रवेशासाठी आहे. यजमान संगणकावर विंडोजची ‘प्रो’ किंवा तीवरील आवृत्ती लागते. ‘होम’ आवृत्तीचा संगणक अतिथी होऊ शकतो, यजमान नव्हे. अतिथी आत येताच यजमानाचा समोरील पडदा कुलूपबंद होतो. त्यामुळे समोर बसलेल्या माणसास शिकविण्याच्या किंवा त्याच्या देखत दुरुस्ती करण्याच्या कामी ही सोय निरुपयोगी ठरते. मॅक संगणकावर पडद्याचे चित्रण करणे व कळफलक-माऊसवर ताबा घेणे यांसाठी त्या त्या आज्ञावलीस खाजगीपणाच्या मांडणीत जाऊन वेगवेगळी अनुमती द्यावी लागते. ती न दिल्यास अतिथीस केवळ रिकामी पार्श्वभूमी दिसते किंवा त्याचा माऊस हलत नाही. लिनक्सच्या नव्या वितरणांत ‘वेलँड’ ही पडदाप्रणाली असल्याने कोणतीही आज्ञावली परस्पर पडदा टिपू शकत नाही. प्रत्येक वेळी वापरणाऱ्यास विचारले जाते. ग्नोम या पर्यावरणात मात्र दूरस्थ प्रवेशाची सोय अंगभूत आहे.

कोणतीही पद्धत घेतली, तरी क्रम सारखाच ठेवावा. आज्ञावली निर्मात्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावी. जोडणीपूर्वी उघडी कागदपत्रे, बँकेची पाने व खाजगी संदेश बंद करावेत. शक्य असेल तेथे संपूर्ण पडद्याऐवजी एकच खिडकी दाखवावी. दूरध्वनी चालू ठेवून पुढील प्रत्येक कृती कोणती हे अतिथीने सांगत जावे. काम संपताच जोडणी यजमानाने स्वतः तोडावी आणि आज्ञावलीत कायमचा परवलीचा शब्द ठेवला गेला नाही ना, हे पाहावे. ही शेवटची पायरी सर्वाधिक दुर्लक्षित राहते. पुढच्या वेळची सोय म्हणून ठेवलेला कायमचा परवलीचा शब्द म्हणजे दाराची एक किल्ली बाहेरच राहणे होय.

मराठी वापरातील विशेष : काही अडचणी देवनागरी लेखनाशी निगडित आहेत. काही आज्ञावल्या दाबलेल्या कळीचे स्थान पाठवितात, तर काही तयार झालेले अक्षर. दोन्हीकडे मराठी कळफलक चालू असल्यास कधीकधी रूपांतर दोनदा होते व भलतीच अक्षरे उमटतात. अशा वेळी अतिथीने स्वतःकडे इंग्रजी कळफलक ठेवावा आणि यजमान संगणकावर मराठी निवडावी. जुन्या कार्यालयांत युनिकोडपूर्व फाँटमध्ये लिहिलेले दस्तऐवज अद्याप वापरात आहेत. सहभाजनात अक्षरे नव्हे तर त्यांचे चित्र प्रवास करते. म्हणून अतिथीकडे तो फाँट नसला, तरी पडद्यावर मजकूर स्वच्छ वाचता येतो. तोच मजकूर नक्कल करून अतिथीच्या संगणकावर चिकटविल्यास मात्र रोमन अक्षरांची निरर्थक ओळ मिळते. बिघाड फाईलमध्ये नसून फाँटमध्ये आहे, याची ही उपयुक्त खूण होय.

डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन हा अधिक गंभीर विषय आहे. रिमोट डेस्कटॉपने प्रवेश केल्यास यजमान संगणकास लावलेले टोकन बहुधा ओळखले जात नाही, कारण ती प्रणाली अतिथीकडील टोकन शोधते. पडद्याचे चित्र पाठविणाऱ्या सेवांत ते ओळखले जाते व नेमके येथेच सावध राहावे लागते. टोकन लावलेले आणि त्याचा गुप्तांक भरलेला असताना ताबा दिल्यास दूरचा मनुष्य अधिकाऱ्याच्या नावे स्वाक्षरी करू शकतो. फेरफार, दाखला किंवा निविदा यांवरील अशा स्वाक्षरीची जबाबदारी टोकनधारकावरच येते. ताबा देण्यापूर्वी टोकन काढून ठेवणे हा नियम म्हणूनच अपवादरहित असावा. ग्रामीण भागातील वीजपुरवठाही विचारात घ्यावा लागतो. बंद पडलेल्या संगणकात दुरून प्रवेश करता येत नाही. त्यामुळे अनुपस्थितीतील प्रवेश हवा असल्यास संगणकास व राउटरला, दोहोंनाही, बॅटरीचा आधार द्यावा आणि वीज परतताच संगणक आपोआप सुरू होईल अशी मांडणी करावी.

सुरक्षितता : या साधनाचा इतिहास हा त्याच्या दुरुपयोगाचाही इतिहास आहे. चोरीस गेलेल्या मूळ संकेतामुळे जानेवारी २०१२ मध्ये सिमँटेक कंपनीस आपल्या पीसीएनीव्हेअरचा वापर तूर्त थांबविण्याचा सल्ला ग्राहकांना द्यावा लागला. मे २०१९ मध्ये विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांतील रिमोट डेस्कटॉप सेवेत ‘ब्ल्यूकीप’ हा दोष उघड झाला. त्यायोगे परवलीच्या शब्दावाचूनही आत शिरता येत होते. म्हणून रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ किंवा व्हीएनसीचे ५९०० या क्रमांकाचे द्वार महाजालावर थेट उघडे ठेवू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये एनीडेस्कनेही आपल्या यंत्रणेत घुसखोरी झाल्याचे जाहीर केले.

तथापि सर्वसामान्य माणसास धोका दोषांपेक्षा विश्वासाच्या गैरवापराचा अधिक असतो. बँकेचा, वीजमंडळाचा किंवा पोलीस खात्याचा अधिकारी असल्याचे भासवून कोणी दूरध्वनी करतो, एक आज्ञावली बसविण्यास सांगतो व तिच्यातील क्रमांक विचारतो. क्रमांक सांगून संमतीची कळ दाबली, की खाते रिकामे करण्याचे उरलेले काम तो स्वतः करतो. भ्रमणध्वनीचा पडदा दाखविला गेला असल्यास बँकेकडून आलेला एकवेळचा संकेतांकही त्यास वाचता येतो. भारतीय रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना अशा फसवणुकीविषयी सावध केले होते. या प्रकारात कुलूप फोडले जात नाही. मालकच ते उघडून देतो. त्यामुळे विषाणुरोधक आज्ञावली येथे पुरेसे संरक्षण देत नाही. ओळखण्याची कसोटी साधी आहे : मदत आपण मागितली होती काय? न मागता आलेल्या मदतनिसास पडदा दाखवू नये. संशय येताच प्रथम महाजालाची जोडणी तोडावी, मग बँकेस कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर किंवा ३० ऑगस्ट २०१९ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंद पोर्टलवर तक्रार नोंदवावी. तक्रार जितकी लवकर होईल, तितकी रक्कम वाटेतच रोखली जाण्याची शक्यता अधिक असते.

कायदेशीर बाजू : माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ अन्वये मालकाच्या अनुमतीवाचून संगणकात प्रवेश करणाऱ्यावर भरपाईचे दायित्व येते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे केल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लक्ष रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तोतयेगिरी करून संगणकाद्वारे फसविणे हा कलम ६६ डी खालील गुन्हा आहे. या तरतुदींत ‘अनुमती’ हा शब्द कळीचा आहे. छपाईयंत्र दुरुस्त करण्यास दिलेली अनुमती ही खातेवही चाळण्याची अनुमती ठरत नाही. सेवा केंद्रातील संगणकावर केंद्रचालकाची नव्हे, तर अर्जदारांची माहिती असते : आधार क्रमांक, बँक खाती, जमिनीचे तपशील. म्हणून ताबा देताना केंद्रचालक स्वतःच्या मालकीची वस्तू देत नसून दुसऱ्यांनी विश्वासाने सोपविलेली ठेव उघडी करीत असतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्येही अशी माहिती हाताळणाऱ्याची स्वतंत्र जबाबदारी मानलेली आहे.

उपयोग व मर्यादा : दुरुस्ती, प्रशिक्षण, सामूहिक लेखन, दुरून अध्यापन व अपंग व्यक्तींना साहाय्य या क्षेत्रांत हे तंत्र फलदायी ठरले आहे. तारेचा सैल जोड, जळालेला वीजपुरवठा संच किंवा बंद पडलेली हार्ड डिस्क यांवर मात्र त्याचा इलाज नाही. ज्या जाळ्यातून मदत यावयाची तेच बंद असल्यासही ते निरुपयोगी ठरते. अशा प्रसंगी लागणारा स्थानिक जाणकार दूरस्थ सहभाजनातूनच घडविता येतो, हा त्याचा अल्पपरिचित पण मोलाचा उपयोग होय. अतिथीने प्रत्येक वेळी स्वतः ताबा न घेता यजमानाच्याच हाताने दुरुस्ती करवून घेतली, तर काही महिन्यांत त्या गावी एक शिकलेला माणूस तयार होतो आणि ताबा देण्याचे प्रसंग आपोआप कमी होतात.